सोन्याचं चिलट

"मग अंगारा लावायचा कुणाला म्हणतोस? माणसाला का डब्याला?"

"डबा न्हवं बुवा, कॉम्प्युटर."

"त्येला कपाळ असतंय व्हय?"

धुनीचा धूर इंद्रजितच्या डोळ्यात जात होता, पण गुरूसमोर डोळं चोळायचं कसं?

"नजर लागलीया त्येला," तो शेवटी म्हणला. "माझ्या कामावर जळणारी माणसं कमी हायत का? चिमूटभर अंगारा द्या. लावतो आन निघतो."

भैरूबुवानं चिमट्यानं निखारा उलटा केला.

"कुणाची नजर?"

"कुणाची म्हणून सांगू?"

आता ह्यात इंद्रजितचं खोटं काय न्हवतं. लग्नाची शूटिंग करणारे तालुक्यात ढीगभर, पण इंद्रजित चौगुले एकच. त्याचा ड्रोन मांडवावर घिरट्या घालाय लागला की लोक हातातल्या अक्षता हातातच ठेवून वर बघायचे. भटजीसुद्धा. एका लग्नात तर नवरदेव वर बघता बघता करवलीच्या गळ्यात हार घालणार होता. मामानं हात धरला म्हणून वाचला.

दुकानावर पाटी केवढी म्हणाल, तर दुकानापेक्षा मोठी. 'इंद्रजित सिने व्हिजन'. पाटीखाली दुकान शोधावं लागायचं.

आन भैरूबुवा म्हंजे टेकावरच्या मठीतला गोसावी. धुनी, चिमटा आन एक बोकोबा. वय इचारलं की दर बारीला आदल्या बारीपेक्षा कमी सांगायचा. उपदेश असा त्यानं कुणाला केलेला न्हाई. लोकांच्या खोड्या काढायच्या, एवढाच त्याचा उद्योग. तरी माणसं टेक चढायची.

इंद्रजितनं त्याचा अनुग्रह घेतलावता. नुसता घेतला न्हाई, त्याची शूटिंगबी केलीती. बुवाच्या डोक्यामागनं सोनेरी किरणं सोडलीती. बुवानं ती फोनवर बघितली आन इचारलं,

"मला ताप आलता का रं तवा?"

तर असा गुरू. आन असा चेला.

"बरं, झालंय काय त्येला?" बुवानं इचारलं.

"फाईल जाईना बुवा."

"कुठं जाईना?"

"दर्यात."

बुवानं पहिल्यांदा नीट वर बघितलं.

मग इंद्रजितनं सांगितलं. खालच्या आळीतला सर्जेराव खोत मालाच्या जहाजावर सैपाक करतो. पोरीचं, रेवतीचं लग्न निघालं, आन ह्याला रजा मिळाली न्हाई. जहाज कुठल्यातरी लांबच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं. हिकडं लग्न झालं, पोरगी सासरी गेली. बापानं घरी एकच निरोप धाडला. 'पाठवणी तेवढी दावा. बाकीचं घरी आल्यावर बघीन.'

"मग दाव की."

"दावतो म्हणूनच तर आलोय! जहाजावर नेटची नुसती धार हाय, करंगळीएवढी. मोठी फाईल निम्म्यात तुटती. आन परवा जहाज नांगर उचलणार. मग पार पलीकडच्या किनाऱ्याला लागंपर्यंत काय बी न्हाई."

"तुझी केवढी हाय?"

"चार जीबी."

"म्हंजे केवढी? म्हशीएवढी का हत्तीएवढी?"

"लई मोठी बुवा." सांगताना त्याची मान आपसूक ताठ झाली. "फोर-के हाय! साधीसुधी न्हाई. भितीएवढ्या पडद्यावर लावा, रेघ फुटायची न्हाई."

"बाप भितीवर बघणार हाय?"

"...फोनवर."

"केवढा फोन?"

इंद्रजितनं तळवा पुढं केला.

बुवानं त्या तळव्याकडं बघितलं. मग मठीच्या भितीकडं बघितलं. मग परत तळव्याकडं. बोकोबानं जांभई दिली.

"तसं न्हवं बुवा," इंद्रजित घाईनं म्हणला, "बारीकबी करून बघितली. अडाणी न्हाई म्या. पण बारीक केली की चित्र फुटतंय. रेवतीचं तोंड म्हंजे नुसतं फरशीचं तुकडं. असलं कसं धाडू बापाला? माझं नाव हाय त्यावर."

"बारीक केलं की फुटतंय का?"

आता हे मात्र इंद्रजितच्या घरचं मैदान. तो मांडी बदलून बसला.

"सांगतो. फाईल बाहेर काढताना मशीनला सांगायचं असतंय, दर सेकंदाला किती माल वाढायचा. बिटरेट म्हणत्यात त्येला. जास्त वाढला की चित्र झकास, पण फाईल फुगती. कमी वाढला की फाईल बारीक, पण चित्र उपाशी."

"आन मशीन सगळ्यांला सारखं वाढतंय?"

"छ्या! जे गप उभं हाय, भीत म्हणा, दार म्हणा, त्येला एकदाच वाढतंय. पुढं तेच चालवतंय. जे वळवळतंय त्येला परत परत वाढावं लागतंय."

"म्हंजे पंगतीत जो वळवळतोय त्येच्याच पानात भात."

"अगदी बरोबर!"

इंद्रजित खूष झाला. टेकावरच्या बुवाला बिटरेट कळला म्हंजे शिकवणारा किती मोठा असंल! गावात जाऊन कुणाला सांगावं, ह्याचाबी त्यानं मनात इचार करून ठेवला.

"दाव बघू तुझी पाठवणी," बुवा म्हणला.

त्यानं फोन काढून बुवाच्या हातात दिला. मोठी फाईल, चांगली, न फुटलेली. आन शेजारी बसून बोटानं दावाय लागला.

"ह्या बघा गुलाबाच्या पाकळ्या. पहिल्यापासनं शेवटापर्यंत पडत राहत्यात, थांबत न्हाईत. माझी खासियत हाय. दुसऱ्या कुणाला जमत न्हाई. त्याच्यावर सोन्याची चमकी. आन त्याच्यावर जुन्या शिनेमात असती तसली बारीक खरखर. बघितली? सगळीकडं हाय. म्हंजे कसं, भारी वाटतंय."

"आन पोरगी?"

"हाय की. मागं."

बुवानं फोन डोळ्याजवळ नेला. लांब नेला.

"वाकलीया जणू."

"उंबऱ्याच्या पाया पडती. निघताना."

"हं..."

बुवा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणला, "अंगारा मागितलास न्हवं?"

"व्हय. त्येच्यासाठीच तर..."

बुवानं धुनीत हात घातला आन मूठभर राख फोनवर ओतली.

चिमूट न्हवं. मूठ.

"अहो बुवा! काय केलंत!"

इंद्रजितनं फोन हिसकावला, फुंकला, झटकला. नव्या शर्टाचं टोक ओढून काच पुसली, परत पुसली, कोपऱ्यातली राख नखानं काढली.

बुवा त्याच्याकडं बघत होता. तोंडावर सगळा भोळेपणा.

"अंगारा पुसलास? गुरूचा?"

"पुसू न्हाई तर काय करू? काय दिसंना की!"

फोनवर पाकळ्या पडत होत्या. चमकी चमकत होती. खरखर खरखरत होती. इंद्रजितच्या हातात शर्टाचं टोक तसंच राहिलं.

"जा आता," बुवा म्हणला, "बोकोबाच्या दुधाची येळ झाली."

टेक उतरताना इंद्रजितला राग आलावता. कशाचा, ते त्याला सांगता आलं नसतं.

दुकानात सुलाकाकी बसलेली. सुलाकाकी म्हंजे रेवतीची आई, सर्जेरावची बायको. लग्न झाल्यापासनं रोज येऊन बाकड्यावर बसायची. झालं का म्हणून इचारत न्हवती. बसायची, आन संध्याकाळी उठून जायची. भांडली असती तर इंद्रजितला बरं वाटलं असतं.

"उद्या या काकी," तो म्हणला. ती गेली. मग त्यानं कॉम्प्युटर लावला.

पहिली खरखर काढली. फार काय वाटलं न्हाई.

मग चमकी काढली. एकदा परत लावून बघितली, मग परत काढली.

मग पाकळ्या... पाकळ्यांवर दोन बारी हात गेला आन दोन बारी मागं आला. ह्याच पाकळ्यांसाठी लोक शेजारच्या तालुक्यातनं यायचे. 'इंद्रजितच्या पाकळ्या पाहिजेत' म्हणून लग्नाच्या तारखा पुढं ढकलायचे. त्यानं डोळं झाकलं आन काढल्या.

मग फोर-के काढून तळव्याएवढं केलं. बिटरेट तोच ठेवला, कालचा, उपाशी मारणारा. आन फाईल बाहेर काढाय लावली.

निघाली. जहाजाच्या धारेतनं सहज जाईल एवढीच निघाली. त्यानं लावून बघितली.

चौकोन न्हाई. तुकडं न्हाई. रेवतीचं तोंड रेवतीचंच. दाताखाली ओठ धरलावता तिनं, रडू येऊ ने म्हणून. एवढ्या लग्नाच्या गोंधळात, एवढ्या बारी ही फिल्म जोडताना, ह्यो ओठ इंद्रजितनं बघितलाच न्हवता.

कालबी मशीननं तेवढाच भात वाढलावता. पोरीच्या पानात पडला न्हवता, एवढंच.

'वा रं इंद्रजित,' तो स्वतःलाच म्हणला. आता बुवाला दावल्याबिगर घास उतरणार न्हवता. सकाळी उठून पहिला टेक चढला. पळतच.

"बघा बुवा! हत्तीचं उंदीर केलं! आन उंदराला सगळं हत्तीचं!"

बुवा दात घासत होता. राखेनंच. त्यानं चूळ भरली, हात धोतराला पुसला आन फोन घेतला.

बघता बघता त्यानं फोनच्या खालच्या कोपऱ्यावर टिचकी मारली.

"काय झालं?"

"काय न्हाई. चिलट."

परत बघाय लागला. परत टिचकी.

"शुक... शुक! जाईना रं. चिवट हाय."

"कुठाय चिलट?"

"हे काय, गरगर फिरतंय."

इंद्रजितनं वाकून बघितलं. आन त्याचं कान तापलं.

"बुवा, ते चिलट न्हवं. माझं नाव हाय. इंद्रजित सिने व्हिजन."

"हां... पिवळं कशानं झालंय?"

"सोनेरी हाय ते! फिरतं नाव हाय. मुद्दाम बनवून घेतलंय."

"बरं बरं." बुवानं फोन परत डोळ्याजवळ नेला. मग धोतराच्या सोग्यानं कोपऱ्यावर वारा घालाय लागला.

"बुवा!"

"असू दे रं. माशा, चिलटं बसायचीच. आंब्यावरच बसत्यात, दगडावर न्हाई."

"नाव काढ म्हणताय का?"

"म्या कुठं म्हणलं? म्या चिलट म्हणलं."

"नावानं फाईल वाढत न्हाई बुवा. चिमूटभरसुद्धा न्हाई. हिशेब मला कळतो."

"चिलट तरी कुठं चिमूटभर असतंय?"

इंद्रजितनं फोन खिशात घातला. नमस्कार केला, पण पायापर्यंत हात नेला न्हाई, गुडघ्यावरनंच मागं घेतला.

"पाकळ्या काढल्या. चमकी काढली. जीव काढून दिला असता, मागितला असता तर. पण केलंय म्या, तर नाव माझं राहणार. ह्या गावात माझ्यासारखं काम..."

"कोण करतंय?" बुवा म्हणला. "कोणच न्हाई."

ती थट्टा होती का खरं, हे इंद्रजितला टेक उतरून होईपर्यंत कळलं न्हाई.

दुकानात सुलाकाकी आलेली. बाकड्यावर बसलेली.

"झालं काकी," तो म्हणला, "आता धाडतो. पहिली तुम्ही बघा."

तिनं फोन दोनी हातात धरला. बघितलं. डोळ्याला पदर लावला. इंद्रजितची छाती भरून आली. ह्याला म्हणायचं काम! बुवाला काय कळतंय, राखेत बसणाऱ्याला?

मग काकीनं फोन जरा तिरका केला. मग आणखी तिरका. कपाटाखाली काय पडलं असंल तर माणूस वाकून बघतं तसं बघाय लागली.

"काय झालं काकी?"

"इंदर... हे जरा बाजूला सरकंल का रं?"

"काय?"

"हे फिरतंय ते. त्येच्या खाली हायत."

"काय हायत?"

तिनं फोन परत दिला आन दाराकडं बघत बसली.

इंद्रजित खुर्चीवर बसला. कॉम्प्युटरवर पाठवणी उघडली. रेवती वाकली तिथं थांबवली. खालच्या कोपऱ्यात सोन्याचं नाव फिरत होतं.

त्यानं ते दिसंना असं केलं. नावापुढची एक खूण काढायची, एवढंच काम असतंय ते.

नावाच्या खाली उंबरा होता. उंबऱ्यावर जुन्या चपला होत्या. गड्याच्या. टाचा झिजलेल्या. कुणीतरी पुसून, शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेल्या.

रेवती उंबऱ्याच्या पाया पडत न्हवती.

"त्येंच्याच हायत," सुलाकाकी दाराकडं बघतच म्हणली. "जहाजावर जाताना नवं बूट घालून गेले. ह्या राहिल्या. पोरगी म्हणली, पप्पा न्हाईत तर त्येंच्या चपलांच्या पाया पडून जाते. म्या पुसून ठेवल्या."

इंद्रजित तिथंच उभा होता त्या दिवशी. चार हातावर. खांद्यावर कॅमेरा. पोरीच्या तोंडावर फोकस बसतोय का बघत होता. आन नंतर कोपरा मोकळा दिसला म्हणून तिथं नाव बसवलंतं.

दुकानातनं आजवर बिननावाचं काय बाहेर पडलं न्हवतं. बारशाचं न्हाई, मयताचं न्हाई. फुकट काढून दिलेल्या शाळेच्या गॅदरिंगलाबी नाव होतं.

त्यानं नाव काढलं. फाईल बाहेर काढली. काकीच्या फोनवर घातली आन काकीच्या फोनवरनं धाडली. त्याच्या नंबरवरनंसुद्धा न्हाई.

दोघं बाकड्यावर शेजारी शेजारी बसली. फोन मधी. पडद्यावरचा गोल फिरत राहिला... फिरत राहिला... अर्ध्यावर थांबला. काकीनं त्याचं मनगट धरलं. परत फिराय लागला.

गेली.

मग ती पोचली का, बघितली का, ते काय कळंना. दुपार झाली. चहा आला, तसाच गार झाला. आन मग सर्जेरावचा आवाज आला. बोलून धाडलेला.

इंद्रजितनं तो निरोप आपल्या फोनवर घेतला आन उन्हातच टेक चढला. ह्या बारीला पळत न्हवता. पण थांबतबी न्हवता.

बुवा धुनीपुढं बसलेला. मांडीवर बोकोबा.

"धाडलीस?"

"धाडली."

"चिलट?"

"न्हाई."

बुवानं त्याच्याकडं बघितलं न्हाई. बोकोबाच्या कानामागं खाजवत राहिला.

"बघितली बापानं?"

"बघितली. ऐका."

त्यानं फोन धुनीजवळ धरला. पहिला नुसता मशीनचा घर्र आवाज. जहाजाचा असंल. मग कुणीतरी नाक ओढलं. मग बराच वेळ परत घर्र... बंद पडलं का काय असं वाटावं एवढा वेळ. आन मग सर्जेराव बोलला.

"सुले... त्या डाव्या चपलंचा अंगठा तुटलाय बघ. शिवून घिऊन ठेव. आलो की घालतो."

संपलं.

इंद्रजितनं फोन खाली केला.

"एवढंच बुवा. दुसरं काय न्हाई. शूटिंग कसं झालंय म्हणला न्हाई. कुणी काढलंय इचारलं न्हाई. माझं नाव म्हणून न्हाई काढलं तोंडातनं." हे सांगताना आवाज पडाय पाहिजे होता, पण छाती का कुणास ठाऊक फुगलीती. एवढी तर भल्यामोठ्या पाटीखालीबी कधी फुगली न्हवती. "तुटलेला अंगठा दिसला त्येला. दर्यातनं. आन म्या... म्या हाय म्हणून त्येला कळलंसुद्धा न्हाई."

धुनीतला एक ओंडका सरकला. बुवानं चिमट्यानं तो सारखा केला.

"मग पोचली."